नाव तेच, माणसं नवी

फ्लीटवुड मॅक हा बँड १९६७ मध्ये लंडनमध्ये उभा केला गिटारवादक पीटर ग्रीनने. पण नाव दिलं ड्रमर मिक फ्लीटवुड आणि बास वाजवणाऱ्या जॉन मॅकव्हीचं. १९७० मध्ये ग्रीन बाहेर पडला. पुढच्याच वर्षी दुसरा गिटारवादक जेरेमी स्पेन्सर अमेरिका दौरा अर्धवट टाकून एका धार्मिक पंथात गेला. १९७४ मध्ये तर मॅनेजरने याच नावाने भलतेच वादक दौऱ्यावर धाडले! गिटारवादक लिंडसे बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्स आले ते त्यानंतर, आणि १९७७ मध्ये आला ‘रूमर्स’ हा अल्बम.

या अंकाचा विषय हाच आहे: माणसं बदलतात तेव्हा बँडचं काय उरतं? आपल्याकडे एक गायक निघाला की चांगले बँड मोडतात, म्हणून हा इतिहास आत्ता वाचायला हवा. भांडणं आणि प्रेमप्रकरणांवर पुष्कळ लिहून झालंय. आम्ही लक्ष दिलंय ते वादनाकडे, ब्लूजकडून पॉपकडे झालेल्या प्रवासाकडे आणि विशेषतः बँडच्या गायिका-कीबोर्डवादक ख्रिस्टीन मॅकव्ही यांच्या गाण्यांकडे. २०२२ मध्ये त्या गेल्या. त्यांचं श्रेय अजून पुरतं दिलं गेलेलं नाही, असं आमचं ठाम मत आहे.

तुम्ही बँडमध्ये वाजवत असाल, तर साथीदार सोडून गेल्यावर काय केलंत ते आम्हाला जरूर कळवा.