ताबा देण्यापूर्वीचा पंचनामा
भिवंडीत यंत्रमागाचा गाळा रिकामा करण्याचा दिवस उजाडला, की अनामत रकमेवरून मालक आणि भाडेकरू यांच्यात जी हुज्जत सुरू होते, तिचे मूळ बहुधा कोणाच्या लबाडीत नसून, ताबा देतेवेळी लादी कुठे तडकली होती हे कोणीच लिहून ठेवलेले नसते, यात असते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने लेखी, नोंदणीकृत करारनामा बंधनकारक केला. परंतु त्यास वास्तूच्या स्थितीची फेरिस्त क्वचितच जोडली जाते. मागांच्या अखंड हादऱ्यांनी पडलेली भेग आणि निष्काळजीपणाने झालेली मोडतोड यांतला भेद वर्षांनंतर कोण सांगणार? म्हणून किल्ली हाती देण्यापूर्वी उभयतांनी मिळून पंचनामा करावा, वीजमीटरचा आकडा टिपावा, छायाचित्रे काढावीत आणि दोन्ही प्रतींवर सह्या कराव्यात, ही कळकळीची विनंती.