‘केमिकल-फ्री’ ओवा कुठे मिळतो?



"आमच्या घरी केमिकलवालं काही वापरत नाही," हे वाक्य पालकसभेत हमखास ऐकू येतं. मुलंही तेच बोलतात. ज्या वयात अणू-रेणूंची ओळख होते, त्याच वयात ‘केमिकल म्हणजे वाईट, नैसर्गिक म्हणजे चांगलं’ हेही पक्कं होतं. माझं मत विचाराल तर हा गैरसमज काढायला प्रयोगशाळेतल्या बाटल्यांपेक्षा घरातला मिसळणाचा डबा जास्त कामाचा आहे.

चिमूटभर ओवा तळहातावर चोळा. जो झणझणीत वास येतो, तो थायमॉलचा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारे ‘ओव्याचं फूल’ म्हणजे याच थायमॉलचे स्फटिक. त्याच्या एका रेणूत १० कार्बन, १४ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन. आता बाळंतशेप हुंगा. तिच्यातल्या कार्व्होनचं सूत्रही नेमकं हेच! अणू तेच, तितकेच. जोडणी वेगळी म्हणून वास वेगळा. दहावीला आपण शिकवतो ती संरचना समघटकता हीच. जिऱ्यातल्या क्युमिनाल्डिहाइडमध्ये यापेक्षा फक्त २ हायड्रोजन कमी. ओवा, शेपू, जिरे ही तिन्ही झाडं गाजराच्याच कुळातली आहेत, हेही सांगा.

‘तेल’ या एका शब्दाखाली दोन वेगळे पदार्थ लपतात, हेही दाखवता येतं. सावजी रश्श्यात पूर्वापार वापरतात ते जवसाचं तेल. जवसाच्या बीत ते जवळपास ४० टक्के असतं. त्याचा कागदावर पडलेला डाग जात नाही. संत्र्याची साल कागदावर पिळा, डाग थोड्या वेळात जवळजवळ उडून जातो. हे सुगंधी तेल. सालीतलं लिमोनीन बाळंतशेपेतही असतं. ओवा झाकण ठेवून उकळला की झाकणावरच्या थेंबांना त्याचा वास येतो. वाफेबरोबर तेल वर आलं, म्हणजे ऊर्ध्वपातन झालं! नागपुरात १९४२ साली डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्थेत तेल तंत्रज्ञान हा स्वतंत्र विषय शिकवतात. आपल्या किती मुलांना हे माहीत असतं?

पालकहो, आता तुमच्या कामाचं. ओव्यात सुगंधी तेल साधारण २ ते ४ टक्के. म्हणजे १ ग्रॅम तेलामागे २५ ते ५० ग्रॅम ओवा लागतो. भाजीतल्या चिमटीने काही होत नाही. तेच शुद्ध तेल बाळाच्या कोवळ्या कातडीवर चोळलं तर भाजल्यासारखी आग होऊ शकते. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर आकडी येऊ शकते. दोन्ही अगदी ‘नैसर्गिक’ बरं का!

रानातली बावची बघा. तिच्या बियांमधलं बाकुचिऑल पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव यांच्या चमूने वेगळं केलं; ते १९६६ साली प्रसिद्ध झालं. आज ते महागड्या क्रीममध्ये मिरवतं. पण त्याच बियांत सोरालेनही असतं. ते त्वचेवर असताना नागपूरचं ऊन लागलं तर फोड येऊ शकतात. एकाच बीत दोन्ही. मग तिला चांगली म्हणायचं की वाईट?

म्हणून मुलांना ‘केमिकल आहे का?’ हा प्रश्न शिकवूच नका. उत्तर नेहमी ‘हो’च असतं. ‘कोणतं? किती? आणि कुणाला देताय?’ हे विचारायला शिकवा. शिक्षकांनो, पुढच्या तासाला ओवा, जिरे आणि बाळंतशेप घेऊन जा. दहा रुपयांत धडा होईल. आणि घरी गेल्यावर मुलं तुमच्या बाटलीवरचं ‘केमिकल-फ्री’ वाचून हसली, तर पालकहो, रागावू नका!