घर आणि संगणक : मागितले एक, आले चार



गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीने बडोद्याहून आमच्या आईचे एक जुने छायाचित्र मोबाइलवर धाडले. आईचे लग्नाआधीचे ते एकच छायाचित्र घरात उरलेले. पेटीतल्या ओलीने कोपरा काळवंडलेला, गालावर बुरशीचा डाग. "दिवसभर संगणकापुढेच बसतोस ना? मग एवढे नीट करून दे," असा तिचा निरोप होता.

छायाचित्रे दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, हे मी ऐकून होतो. शोधयंत्रात त्याचे नाव टंकले, सर्वांत वर आलेला दुवा उघडला आणि पुढे जे विचारले गेले त्यास 'नेक्स्ट, नेक्स्ट' म्हणत गेलो. घटकाभराने सॉफ्टवेअर आले खरे. पण त्याच्यासोबत आणखी तीन मंडळी घरात शिरली. एकाने ब्राउझरचे पहिले पान बदलले, दुसरे जाहिराती दाखवू लागले, तिसरे तर संगणक बिघडल्याची भीती घालून दुरुस्तीचे पैसे मागू लागले. याच संगणकावर आई आपले निवृत्तिवेतनाचे खाते पाहते, हे आठवले आणि माझ्या पोटात गोळा आला. दोन संध्याकाळी साफसफाईत गेल्या. छायाचित्र तसेच राहिले.

त्या संकेतस्थळाने लबाडी केली, यात शंका नाही. परंतु कचेरीत परक्या मजकुराचा शब्द न् शब्द तपासणारा मी, घरी मात्र एकही ओळ न वाचता संमती देत होतो, हेही तितकेच खरे.

विनामूल्य वस्तूसोबत हे बिनबोलावलेले पाहुणे का येतात? कारण सोपे आहे. एखादे सॉफ्टवेअर आपल्या संगणकात बसवून दिले की त्याचा मालक मध्यस्थास दर नगामागे मोबदला देतो. म्हणून मध्यस्थ लोकप्रिय सॉफ्टवेअर घेतो आणि त्याच्या गाठोड्यात हा जादा माल बांधतो. मूळ कर्त्यांस कित्येकदा याचा पत्ताही नसतो.

'गिम्प'चे उदाहरण पाहण्याजोगे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्याची रचना आरंभिली. ते कोणीही विनामूल्य वापरावे आणि इतरांस वाटावे, अशी मोकळीक त्याच्या परवान्यातच आहे. त्याची विंडोजसाठीची प्रत 'सोर्सफोर्ज' या संकेतस्थळावर मिळत असे. तेथील फसव्या जाहिराती व जादा माल बांधण्याची योजना यांना कंटाळून कर्त्यांनी २०१३ मध्ये ते स्थळ सोडले. मे २०१५ मध्ये असे उघडकीस आले की, त्यांचे जुने पान त्या स्थळाने परस्पर आपल्या ताब्यात घेतले असून तेथून जादा माल जोडलेली प्रत वाटली जात आहे. मोठा गवगवा झाला. २०१६ च्या आरंभी त्या स्थळाची मालकी बदलली आणि नव्या मालकांनी ती योजना बंद केली. वस्तू निर्मळ असली तरी ती कोणाच्या हातून येते हे पाहिलेच पाहिजे, हा यातला बोध.

तर मग आपण काय करावे?

सॉफ्टवेअर नेहमी मूळ कर्त्यांच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. शोधयंत्रात वर दिसणारा दुवा पुष्कळदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. तेथे बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असे लिहिलेले आढळते. गिम्पचे स्वतःचे स्थळ 'गिम्प डॉट ऑर्ग' हे होय. विंडोज वापरणाऱ्यांस ते २०२२ पासून मायक्रोसॉफ्टच्या दुकानातही मिळते.

फाइल उघडताच विंडोज आपली परवानगी मागते. त्या चौकटीत प्रकाशकाचे नाव असते. तेथे 'अननोन', म्हणजे अज्ञात, असे दिसल्यास घाई न करता थांबावे आणि फाइल कोठून आली हे पुन्हा पाहावे.

यानंतर मांडणीचा प्रकार विचारला जातो. 'रेकमेंडेड', म्हणजे शिफारस केलेला, हा शब्द मोठा साळसूद आहे; शिफारस कोणी आणि कोणाच्या हितासाठी केली, हे तो सांगत नाही. 'कस्टम' हा पर्याय दिलेला असल्यास तो निवडावा. काय काय बसणार आहे, ते तेथे दिसते. आधीच खूण करून ठेवलेले चौकोन मोकळे करावेत. दुसऱ्याच एखाद्या वस्तूच्या अटी पुढे आल्या तर 'डिक्लाइन' किंवा 'स्किप' म्हणावे. हे बटण मुद्दाम फिकट रंगात ठेवलेले असते, परंतु ते दाबल्याने आपल्या मूळ कामात सहसा खंड पडत नाही. नकाराची वाटच ठेवलेली नसेल, तर मांडणी तेथेच रद्द करावी.

चूक होऊन गेलीच असेल, तर विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲप्स'ची यादी उघडावी आणि ती तारखेनुसार लावावी. त्या दिवशी आलेली अनोळखी नावे वर दिसतील. ती काढून टाकावीत. ब्राउझरमधील जोड-पुरवण्या वेगळ्या तपासाव्यात. सफाई पुरी होईपर्यंत त्या संगणकावर बँकेचे खाते उघडू नये.

असे प्रकार निव्वळ आपल्या गाफीलपणावर सोडून देण्याजोगे नाहीत, हे शासनानेही मानले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. तीत असे १३ प्रकार नमूद असून न मागितलेली वस्तू खरेदीत हळूच घालणे, गोंधळात पाडणारे प्रश्न विचारणे, हे त्यांपैकीच होत. आपण पैसे मोजून फसला असाल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक ध्यानात असू द्यावा.

माझ्यापुरते सांगायचे, तर तिसऱ्या संध्याकाळी मी गिम्प त्याच्या मूळ स्थळावरून आणले आणि प्रत्येक चौकट वाचून मगच पुढे गेलो. त्यास जेमतेम दहा मिनिटे लागली. गालावरचा डाग पुसावयास मात्र पुढचा सबंध रविवार लागला; पण त्या श्रमाची तक्रार नाही. आपणही आपल्या घरच्या जुन्या छायाचित्रांसाठी असा एखादा रविवार अवश्य काढावा. मात्र त्याआधीची ती दहा मिनिटे वाचवू नयेत.