हंशा कागदावर कसा उतरावा?

गेल्या गणेशोत्सवासाठीं आमच्या पुतण्यानें एक प्रहसन लिहिलें आणि जेवणें आटोपल्यावर माजघरांत सर्वांस जमवून वाचून दाखविलें. दादा सुपारी कातरीत होते, ते कातरीतच राहिले. वहिनींनीं जांभई लपविली. आम्ही सौजन्यापुरते हंसलों. बिचाऱ्याचें तोंड उतरलें. "काका, हें करून दाखवायचें आहे!" असें म्हणून तो उठला, आणि उपरण्याचें टोंक दारांत अडकलेला जावई सासऱ्यांस नमस्कार कसा करूं पाहतो, हें त्यानें दाखवितांच माजघर दणाणलें. दादांची सुपारी जमिनीवर सांडली.

मग कागदावर काय होतें? आम्हीं वही मागून घेतली. तींत एवढेंच: 'जावई विनोदी हावभाव करितो. प्रचंड हंशा.'

सारें दुखणें या दोन वाक्यांत आहे. हंशा हा प्रेक्षकांचा. लेखकानें तो आगाऊ वसूल करूं नये. 'विनोदी' हें विशेषणहि नटास कांहींच सांगत नाहीं. दार लागतें, टोंक फटींत अडकतें. तें आपणांस दिसतें, जावयास ठाऊक नसतें. तो वांकतो, अर्ध्यावर थांबतो, पुन्हा वांकतो. सासऱ्यांचा आशीर्वादाचा हात तसाच अधांतरीं राहतो. प्रेक्षकांस ज्या क्रमानें दिसावयाचें त्याच क्रमानें एवढीं क्रियापदें लिहिलीं असतीं, तर आम्हांस वाचनाच्या वेळींच हंसूं आलें असतें.

संस्कृत नाटककारांस एवढाहि खटाटोप करावा लागला नाहीं. रथाचा वेग असो कीं भुंग्याचा त्रास असो, त्याचा अभिनय करावा इतकी सूचना त्यांस पुरे; पुढचें काम नटाच्या शिक्षणावर सोंपविलेलें. आमच्या गल्लींतील हौशी मंडळींस तें शिक्षण कोठून असणार!

या बाबतींत देवलांचें 'संशयकल्लोळ' पाहावें. मोलियेरचें १६६० चें प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीचें १७६१ चें इंग्रजी नाटक, आणि त्यावरून आपलें १९१६ चें संगीत नाटक, असा त्याचा प्रवास. तीन भाषा बदलल्या, पोषाख बदलले, पण तसबीर टिकली. रेवतीच्या हातून पडलेली आश्विनशेठची तसबीर कृत्तिकेस सापडते. ती पाहत असतां फाल्गुनरावाच्या दृष्टीस पडते. तसबीर कोठून आली हें आपणांस ठाऊक, त्यास नाहीं. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आज पाहावयास मिळणें नाहीं. त्यांचा चेहरा कागदावर उतरणें शक्यच नव्हतें. तसबिरीचा फेरा मात्र उतरला, म्हणून तो प्रवेश दुसऱ्या नटासहि साधतो.

आमचें हें प्रवचन पुतण्यानें फारच मनावर घेतलें. दुसऱ्या दिवशीं नमस्काराच्या त्या एका प्रसंगाचीं चार पानें झालीं! भुवई किती उचलावी हेंहि त्यांत आलें. रंगभूमीवर अर्ध्या मिनिटांत होणारी गोष्ट वाचावयास पांच मिनिटें लागूं लागली, कीं हंसूं वाटेंतच विरतें. आम्हीं भुवया खोडल्या. दार, उपरणें व हात ठेवले.

परवां दुसऱ्या गांवच्या मंडळींनीं तें प्रहसन मागविलें. पुतण्याची परीक्षा असल्यानें त्यास तेथें जातां येणार नाहीं. वही एकटीच जाणार आहे. पाठविण्यापूर्वीं ती दादांसमोर ठेवली. ते जावयाच्या प्रसंगापाशीं आले, अडकित्ता थांबला, आणि त्यांनीं तें पान वहिनींस वाचावयास दिलें.