खर्रा सोडणारा एकटा पडतो, तिथेच हरतो

रोवणीचे दिवस असोत की तेंदूपत्त्याचा हंगाम, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत सकाळी पानठेल्यावर पन्नीवर खर्रा घोटणं सुरू झालेलं असतं. सुपारी, तंबाखू आणि चुना एवढाच मामला. पण हा खर्रा एकट्याने खायची चीज राहिलेली नाही. पाहुणा आला की चहाच्या आधी पन्नी पुढे होते. बांधावर मजूर बसले की एक पुडी चौघांत फिरते. लग्न, तेरवी, ग्रामसभा, कुठेही 'काढ ना थोडा' हे शब्द ऐकू येतातच.

खर्रा सोडायची खरी अडचण इथेच आहे. चौघांत वाटून खाल्ली जाणारी गोष्ट एकट्याने सुटत नाही.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. बिडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे किंवा मशेरीसारखी लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्याचा प्रश्न धुराचा कमी आणि तोंडातल्या तंबाखूचा जास्त आहे.

याच सर्वेक्षणातली दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. देशभरात तंबाखू खाणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांच्या मनात सोडायचा विचार होता. पण वर्षभरात दवाखान्यात गेलेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश लोकांनाच डॉक्टर किंवा नर्सने 'तंबाखू सोडा' असं सांगितलं होतं. सोडायची इच्छा आहे, पण सोबत कोणी नाही, असा हा प्रकार आहे.

पुडीवर चित्र, पन्नीवर काहीच नाही

एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राने झाकलेला असतो. सप्टेंबर २०१८ पासून त्यावर व्यसन सोडण्यासाठीचा मोफत फोन नंबरही छापला जातो. पण खर्रा पाकिटात येतच नाही. तो ठेल्यावर घोटला जातो आणि साध्या पन्नीत बांधून मिळतो. त्यामुळे खाणाऱ्याला चित्रही दिसत नाही आणि नंबरही सापडत नाही. सरकारची सगळी सूचना ठेल्यावरच्या डब्यापाशी थांबते.

कायद्याचंही तसंच. राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे, पुढे सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही त्यात आली. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई आहे, १८ वर्षांखालच्या पोराला विकणं गुन्हा आहे. हे नियम किती पाळले जातात ते गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. कराची गोष्टही सरळ नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट, गुटखा, पानमसाला ४० टक्क्यांच्या गटात टाकले, पण बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. म्हणजे दर वाढवून गरिबाची तलफ सुटेल या भरवशावर गावाने बसून चालणार नाही.

टोमणे मारून सुटत नाही

सोडणाऱ्याच्या शरीरात काय होतं हे घरच्यांना माहीत नसतं, म्हणून बरेचदा गाडी बिघडते. निकोटिन बंद झालं की पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण जातात. चिडचिड होते, डोकं दुखतं, झोप लागत नाही, कामात मन लागत नाही. हा त्रास दोन ते चार आठवड्यांत बराच उतरतो. तलफ आली तरी ती काही मिनिटांची लाट असते. तेवढा वेळ निघाला की ती ओसरते.

याच दिवसांत घरात 'तुझ्यानं काही होत नाही' असं कोणी म्हटलं, किंवा ठेल्यावर दोस्तांनी 'मोठा साधू झाला' म्हणून हसलं, की माणूस पुन्हा पन्नी उघडतो. नंतर तो लपून खातो, आणि लपून खाणाऱ्याला मदत करता येत नाही. एकदा घसरला म्हणजे संपलं असंही नाही. बऱ्याच जणांना दोन-चार वेळा प्रयत्न करावा लागतो. दर वेळी 'उद्यापासून पुन्हा' म्हणणारं माणूस जवळ असलं की पुढचा प्रयत्न लवकर होतो.

गावाने काय करायचं

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती लोकांच्या रेट्यातून आली. त्याच जिल्ह्यात २०१६ पासून राज्य शासन, डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 'मुक्तिपथ' अभियान सुरू केलं. दारूसोबत तंबाखूही त्यात आहे. त्याचा कणा आहे गावातली संघटना: बाया, तरुण, गावचे मोठे लोक. एकट्या माणसाला उपदेश करण्यापेक्षा गावाची रीत बदलायची, हा त्यामागचा विचार.

त्याला मर्यादाही आहेत. एका गावाने ठेला बंद केला तर माणूस शेजारच्या गावी जातो. नुसता दंड लावला तर विक्री घरातून होते. म्हणून ठरावासोबत आधारही लागतो. तो फुकटात देता येतो. पाहुण्यापुढे खर्रा न ठेवता सोप किंवा गूळ-शेंगदाणे ठेवायचे. सोडणाऱ्यासमोर पन्नी उघडायची नाही. मजुरांना खर्रा देणाऱ्या मालकाने त्याच पैशाचा चहा-नाश्ता द्यायचा. एकाच टोळीतल्या दोघा-तिघांनी एकाच दिवशी सोडायचं आणि रोज संध्याकाळी एकमेकांना विचारायचं.

पैशाचा हिशोबही मांडावा. २० रुपयांचा खर्रा धरला आणि दिवसाला तीन झाले, तर वर्षाचे २१,९०० रुपये होतात. पोराच्या कॉलेजची फी किंवा रब्बीचं बियाणं-खत यातून निघू शकतं.

आणि तोंडावर लक्ष ठेवावं. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही, तिच्यानेही कर्करोग होतो. खर्ऱ्यामुळे तरुण पोरांचं तोंड हळूहळू उघडेनासं होतं. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, आतून पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. तिशीनंतर तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. आशाताईंना विचारलं की दिवस कळतो.

पन्नीवर छापला जात नाही तो नंबर असा: १८००-११-२३५६. फोन मोफत आहे. ज्याला सोडायचं आहे त्याने तो लावावाच. पण त्याआधी घरातल्या कोणी तरी म्हणायला हवं, 'लाव फोन, मी बसतो बाजूला.'