स्पॉन्सरशिप मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे

गेल्या महिन्यात एका रात्री साडेअकराला फोन आला. इंग्लंडमधून. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. समाजकल्याणच्या वसतिगृहात माझ्यापेक्षा काही वर्षे मागे असलेली मुलगी. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करायला गेली. घर गहाण ठेवून कर्ज काढले आणि पदवी चांगल्या गुणांनी मिळवली. आता ग्रॅज्युएट व्हिसावर आहे. दिवसा गोदामात पाकिटे भरते आणि रात्री अर्ज भरते.

"ताई, व्हिसाचे आठ महिने उरलेत. शंभराच्या आसपास अर्ज झाले. प्रत्येक फॉर्मवर तोच प्रश्न असतो, तुम्हाला आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का? तिथे 'हो' लिहिताना मला आपल्या कॉलेजची ती खिडकी आठवते."

कोणती खिडकी, हे तिला सांगावे लागले नाही. आपल्यापैकी बहुतेकांना ती माहीत आहे. फ्रीशिपच्या अर्जावर सही घ्यायला आपण जिथे उभे राहायचो आणि आतला कारकून सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात "स्कॉलरशिपवाले बाजूला थांबा" म्हणायचा, ती खिडकी. आपल्या हक्काचे पैसे घेतानाही मान खाली घालायला तिने शिकवले.

दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेतल्या फॉर्मवर ती खिडकी पुन्हा उघडते, आणि तिच्यामुळे आपली मुले दोन चुका करतात. काही जण त्या प्रश्नापाशी अर्ज सोडून देतात. काही जण कुणाच्या तरी सल्ल्याने 'नाही' असे खोटे उत्तर देतात आणि नोकरी लागल्यावर अडकतात. माझ्या या बहिणीनेही एकदा तसे लिहिले होते. पुढे मुलाखतीत विषय निघाला आणि गोष्ट तिथेच संपली.

म्हणून आज स्पॉन्सरशिपबद्दल लिहायचे आहे. ती दया नाही. तो कायद्याने ठरवलेला व्यवहार आहे आणि त्याचे गणित मांडता येते. ज्यांच्या घरात काका-मामा आधीच परदेशात आहेत, त्यांना हे गणित जेवणाच्या ताटावर कळते. आपल्या घरात ते सांगणारे कुणी नसते, म्हणून इथे मांडतो आहोत.

ब्रिटनमध्ये बाहेरच्या माणसाला नोकरी देण्यासाठी कंपनीकडे सरकारचा परवाना असावा लागतो. परवानाधारक कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. व्हिसाचे नाव 'स्किल्ड वर्कर'. २०२४ च्या ४ एप्रिलला या व्हिसासाठीच्या पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला २६,२०० पाउंडांवरून ३८,७०० पाउंडांवर गेली. २२ जुलै २०२५ पासून ती ४१,७०० झाली आणि कामाची पातळीही पदवीस्तराची हवी असे ठरले. शिवाय प्रत्येक व्यवसायासाठी वेगळा 'प्रचलित दर' असतो. दोन्हीपैकी जो जास्त, तो पगार मिळायला हवा. पर्यावरण विश्लेषकाचे काम सहसा 'एन्व्हायर्नमेंट प्रोफेशनल्स' या गटात मोडते आणि हा गट पदवीस्तराचा मानला जातो. मात्र पदाच्या नावाला महत्त्व नसते, प्रत्यक्ष कामाला असते. 'टेक्निशियन' म्हणून नमुने गोळा करायचे काम असेल तर ते सहसा यात बसत नाही.

अडचण अशी की या क्षेत्रात नव्याने लागणाऱ्याला ४१,७०० पाउंड मिळणे अवघड आहे. सल्लागार कंपन्यांमध्ये सुरुवातीचा पगार बऱ्याचदा यापेक्षा बराच खाली असतो. इथे एक सवलत कामी येते. वय २६ च्या आत असेल, किंवा तुम्ही विद्यार्थी वा ग्रॅज्युएट व्हिसावरून येत असाल, तर तुम्हाला 'न्यू एंट्रंट' म्हणजे नवा उमेदवार मानले जाते. मग प्रचलित दराच्या ७० टक्के आणि किमान ३३,४०० पाउंड एवढा पगार पुरतो.

पण ही सवलत एकूण चारच वर्षे मिळते आणि ग्रॅज्युएट व्हिसावर घालवलेला काळही त्या चार वर्षांत धरला जातो. ग्रॅज्युएट व्हिसाची दोन वर्षे पूर्ण संपवून मग स्पॉन्सरशिप मागितली, तर कमी पगाराच्या अटीची दोनच वर्षे उरतात. त्यानंतर कंपनीला पूर्ण दराने पगार द्यावा लागणार, हे तिच्या मनुष्यबळ विभागाला ठाऊक असते. 'दोन वर्षे आहेत, बघू निवांत' असे समजणाऱ्यांनी हे आजच लक्षात घ्यावे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तर ग्रॅज्युएट व्हिसा दीड वर्षाचाच मिळणार आहे. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी तो तीन वर्षांचाच राहील.

आता कंपनीच्या बाजूचा हिशेब. मोठ्या कंपनीला स्पॉन्सर केलेल्या माणसामागे वर्षाला १,३२० पाउंड 'स्किल्स चार्ज' भरावा लागतो. लहान कंपन्यांना आणि धर्मादाय संस्थांना ४८०. हा दर डिसेंबर २०२५ पासूनचा आहे. हे पैसे कामगाराकडून वसूल करायला कायद्याने मनाई आहे. तुम्हाला स्वतःला व्हिसाची फी आणि वर्षाला १,०३५ पाउंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, म्हणजे तीन वर्षांचे ३,१०५ पाउंड एकदम. काही कंपन्या तेही भरतात. विचारल्याशिवाय कळत नाही.

हे आकडे एवढ्यासाठी दिले, की 'मला स्पॉन्सर कराल का?' हा प्रश्न आणि 'मी नवा उमेदवार या सवलतीत बसते, तुम्हाला इतका पगार द्यावा लागेल, तीन वर्षांचा स्किल्स चार्ज ३,९६० पाउंड होईल, माझा सध्याचा व्हिसा अमुक तारखेपर्यंत आहे आणि तोपर्यंत मी कोणत्याही परवान्याशिवाय रुजू होऊ शकते' हे म्हणणे, यांत फार फरक आहे. पहिल्यात आपण खिडकीबाहेर उभे असतो, दुसऱ्यात टेबलाशी बसून बोलतो. स्पॉन्सरशिप लागेल का या प्रश्नाला 'हो' असेच उत्तर द्यायचे, पण त्या 'हो'च्या पुढे हा हिशेब जोडायचा.

कोणते काम मागायचे, तेही नेमके ठरवा. 'पर्यावरणात काहीही' असा अर्ज कुणी वाचत नाही. प्रकल्पांचे पर्यावरणीय परिणाम तपासणे, दूषित जमिनीचा अभ्यास, हवेच्या गुणवत्तेचे मॉडेलिंग, पुराच्या धोक्याचे मूल्यांकन ही वेगवेगळी कामे आहेत. इंग्लंडमध्ये १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना जैवविविधतेत किमान दहा टक्के वाढ दाखवण्याची सक्ती झाली, त्यामुळे ते मोजणाऱ्यांचे काम वाढले. अरुप, डब्ल्यूएसपी, एईकॉम, मॉट मॅकडोनल्ड यांसारख्या मोठ्या सल्लागार कंपन्या या क्षेत्रात आहेत, पाणी कंपन्या आहेत, सरकारी यंत्रणा आहेत. परवान्याच्या यादीत नाव असले तरी प्रत्येक पदाला कंपनी स्पॉन्सर करतेच असे नाही, हेही ध्यानात ठेवा. नकाशे आणि आकडेवारीसाठी क्यूजीआयएस, आर, पायथन ही साधने फुकट आहेत. घरी बसून शिकता येतात.

एजंटांपासून दूर राहा. 'इतके लाख द्या, स्पॉन्सरशिपचे प्रमाणपत्र मिळवून देतो' म्हणणारा माणूस बेकायदा माल विकतो आहे. वृद्धसेवेच्या क्षेत्रात अशा व्यवहारांनी किती भारतीय कुटुंबे कर्जात गेली, हे आपण पाहिले आहे. कंपनीचा परवाना रद्द झाला तर कामगाराला नवा मालक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. एजंट तेव्हा फोन उचलत नाही.

इथवर झाले ते गणित. पण समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला एवढ्यावर थांबता येत नाही. हे नियम सर्वांना सारखे लागू होतात, तरी सर्वांवर सारखे पडत नाहीत. पर्यावरण आणि संवर्धन क्षेत्रात बिनपगारी उमेदवारी हा जणू रिवाज आहे. सहा महिने फुकट काम करायचे आणि मग ओळखीतून पद मिळवायचे. ज्याचे घरभाडे वडील भरतात तो हे करू शकतो. जिच्या घरचा हप्ता तिच्या गोदामातल्या पगारातून जातो, तिने ते कसे करायचे? एकाच्या मामाने टाकलेल्या शब्दाला 'नेटवर्किंग' म्हणतात. आपल्या मुलीने सरळ विचारले तर ती अडचणीची उमेदवार ठरते. शेवटी ज्याला व्हिसा मिळतो त्याला 'गुणवान' म्हटले जाते.

जात समुद्रापलीकडे संपते, असेही समजू नका. ब्रिटनच्या समानता कायद्यात जातीचा उल्लेख आणण्याचे बंधन तिथल्या संसदेने २०१३ मध्ये सरकारवर घातले होते. २०१८ मध्ये सरकारने कायदा करणार नाही असे जाहीर केले आणि न्यायालयीन निर्णयांवर विसंबायचे ठरवले. भाड्याची खोली शोधताना, भारतीय सहकाऱ्यांच्या डब्यांवरून आणि आडनावांवरून चाललेल्या गप्पांत हे जाणवते, असे ही मुलगी सांगते.

दुसरीकडे, 'समाजाच्या पैशावर शिकलात, परत का येत नाही?' हा प्रश्न आपल्याच मुलांना विचारला जातो. पिढ्यान्‌पिढ्या परदेशी स्थायिक होणाऱ्या सवर्ण घरांना तो कुणी विचारत नाही. सरकारी शिष्यवृत्तीवर गेलेल्यांनी आपल्या करारात परत येण्याबद्दल काय लिहिले आहे ते आधी नीट वाचावे आणि पाळावे. बाकीच्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. पे बॅक टू सोसायटी पासपोर्टवरच्या शिक्क्याने मोजले जात नाही.

बाबासाहेबांनाही मुदतीने परत आणले होते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी घेऊन ठेवली होती. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ते मुंबईला आले, सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. परत येणे म्हणजे हार नव्हे आणि मदत मागणे म्हणजे लाचारी नव्हे, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. पुन्हा जाण्याची वाट त्यांनी निघण्याआधीच कागदावर पक्की केली होती, हेही शिकण्यासारखे आहे.

आपली माणसे या क्षेत्रात असणे का गरजेचे आहे? १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी आपल्याला सत्याग्रह करावा लागला. त्याच वर्षी मुंबईचा कचरा देवनारला टाकायला सुरुवात झाली. पाणी कुणाचे आणि कचरा कुणाच्या दारात, हा या देशातला पर्यावरणाचा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे अहवाल लिहिणाऱ्यांत आपण क्वचित असतो. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी होते. गावाला स्थानिक भाषेत सारांश मिळतो, पण जाडजूड अहवाल इंग्रजीतच असतो. तो अहवाल वाचून 'पान अमुकवरचा आकडा चुकीचा आहे' असे सांगणारा आपला माणूस लीड्समध्ये असो वा लातुरात, त्याची गरज आहे.

म्हणून तीन मागण्या. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या सव्वाशे जागा देशाच्या मानाने फारच थोड्या आहेत, त्या वाढवा. शिष्यवृत्ती देणाऱ्या खात्यांनी पदवीबरोबर हात झटकू नयेत, पुढच्या नोकरीचे आणि परतल्यावरच्या रोजगाराचे मार्गदर्शन करावे. तिसरी मागणी आपल्याच लोकांकडे आहे. जे तिकडे पोचले आहेत, त्यांनी आपला अनुभव लपवू नये. कोणत्या पदाला स्पॉन्सरशिप मिळाली, पगार किती, किती अर्जांनंतर, हे आपापल्या वसतिगृहाच्या आणि कॉलेजच्या गटांत लिहून टाका. आपल्याकडे मामा नाहीत, पण सीनियर आहेत.

त्या रात्री आम्ही दोघींनी दीड वाजेपर्यंत बसून तिचा हिशेब मांडला. दुसऱ्या दिवशी तिने दूषित जमिनीवर काम करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीला पत्र लिहिले. त्यात स्पॉन्सरशिप लागेल हे पहिल्याच परिच्छेदात होते, आकड्यांसह. पहिली मुलाखत झाली आहे. निकाल यायचा आहे. व्हिसाचे सात महिने उरले आहेत. परवा तिचा निरोप आला, "ताई, नाही म्हणाले तरी चालेल. या वेळी मी नीट विचारलं."

जय भीम.