पायाखालची वाट उघडी ठेवा

२३ मार्च २०२० रोजी राज्यात संचारबंदी लागू झाली आणि दोनच दिवसांत देशभर टाळेबंदी आली. मार्च संपता संपता बुलढाणा शहरात जिल्ह्यातल्या पहिल्या कोरोना मृत्यूची नोंद झाली. भीती खरी होती आणि आजाराची माहिती फार थोडी होती. शाळा, कचेऱ्या, दुकाने, एसटी सगळे थांबले. ज्यांचा पगार चालू होता ते घरी बसले, ज्यांची रोजी बुडाली तेही घरी बसले. एरवी ‘चालायला वेळच मिळत नाही’ म्हणणाऱ्यांच्या हाती अख्खा दिवस आला, पण दाराबाहेर पडून चालायची मुभा मात्र नव्हती.

ही मुभा मिळाली ती ३ जून २०२० पासून. ‘मिशन बिगिन अगेन’च्या पहिल्या टप्प्यात राज्य सरकारने प्रतिबंधित क्षेत्रे वगळून पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत चालणे, धावणे, सायकल चालवणे याला परवानगी दिली. म्हणजे संचारबंदीपासून मोजले तर ७२ दिवस नुसते पाय मोकळे करायला बाहेर पडणे हा नियमभंग होता. सकाळी फिरायला निघालेल्यांना रस्त्यावर उठाबशा काढायला लावल्याच्या बातम्या तेव्हा अनेक शहरांतून येत होत्या आणि आपण त्या हसत हसत एकमेकांना पाठवतही होतो.

त्या दिवसांचा हिशेब आता शांतपणे मांडायला हवा. कोणाला दोष देण्यासाठी नव्हे, तर पुढची साथ आली तेव्हा हाच नियम पुन्हा जसाच्या तसा निघू नये म्हणून.

पहिला प्रश्न धोक्याचा. कोरोनाचा विषाणू मुख्यतः श्वासावाटे पसरतो. आपण बोलतो, खोकतो, नुसता श्वास सोडतो तेव्हाही थेंब आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. बंद खोलीत हे सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात आणि साठत जातात. मोकळ्यावर वारा त्यांना काही क्षणांत पांगवतो, शिवाय उन्हातले अतिनील किरण विषाणूला लवकर निकामी करतात. हे नुसते तर्काने म्हटलेले नाही. चीनमधील संशोधकांनी साथीच्या सुरुवातीच्या काळातले, हुबेई प्रांताबाहेरचे ७,३२४ रुग्ण तपासले. एकापेक्षा जास्त जणांना लागण झालेल्या ३१८ घटनांपैकी मोकळ्या जागेतली घटना फक्त एक निघाली, आणि तीही दोन रुग्णांची. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरचे अभ्यास एकत्र पाहिले गेले. त्यात नोंदवलेल्या संसर्गांपैकी १० टक्क्यांहून कमी संसर्ग बाहेर झालेले आढळले आणि बंद जागेत लागण होण्याची शक्यता बाहेरच्या तुलनेत जवळपास १९ पट दिसली.

मार्च २०२० मध्ये हे आकडे कोणाकडेच नव्हते, हे मान्य. तरीही त्याच सुमारास फ्रान्सने कडक टाळेबंदीत घरापासून एक किलोमीटरच्या आत, रोज एक तास फिरण्याची मुभा ठेवली होती. ब्रिटनने दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडू दिले होते. आपल्याकडेही अनेक शहरांत अरुंद गल्लीतला भाजीबाजार उचलून मोकळ्या मैदानावर नेला गेला. याचा अर्थ मोकळ्या हवेचे महत्त्व प्रशासनाला कळत होते. भाजीच्या गाड्याला जे तत्त्व लागू झाले, ते एकट्याने चालणाऱ्या माणसाला मात्र लागू झाले नाही.

‘मुभा दिली असती तर लोकांनी गर्दी केली असती,’ असे यावर म्हटले जाते. ही भीती अगदीच निराधार नाही. पण गर्दी होते ती जागा कमी आणि वेळ थोडा असला की. शाळांची पटांगणे, क्रीडांगणे, गावाबाहेरचे रस्ते सकाळ-संध्याकाळ खुले केले, वॉर्डनिहाय वेळा वाटून दिल्या, तर माणसे पांगतात. बंदी घातली की तीच माणसे एका घराच्या दोन खोल्यांत दिवसभर एकत्र राहतात, आणि संसर्ग नेमका तिथेच वाढतो.

दुसरा प्रश्न न चालण्याच्या किमतीचा. आपला समाज मुळात चालतो किती? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक मोठ्या पाहणीतला शारीरिक हालचालींचा भाग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहणीत महाराष्ट्रही होता. त्यात ५४ टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले. शहरांत हे प्रमाण ६५ टक्के होते आणि खेड्यांतही ५० टक्के. फिरणे, खेळणे असे काही आवडीने करणारे दहा टक्केही नव्हते. खेड्यातला आकडा ऐकून अनेकांना नवल वाटते. पण शेतावर जायलाही आता दुचाकी लागते, गावातल्या गावात किराणा आणायलाही ती बाहेर काढली जाते, हे आपण रोज पाहतो. निंदणीला, वेचणीला दिवसभर राबणाऱ्या बाईला वेगळ्या व्यायामाची गरज नाही. मात्र तिच्याच घरातला दुकानात किंवा कचेरीत बसणारा माणूस दिवसभर जागचा हलत नाही.

चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर थेट वापरतात. म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावलीसुद्धा मधुमेहींची साखर आटोक्यात ठेवायला मदत करते. रक्तदाब, झोप, मनाची उदासी या सगळ्यांवर नियमित चालण्याचा चांगला परिणाम होतो. आणि मधुमेह, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा असणाऱ्यांनाच कोरोना अधिक जड गेला. ज्या सवयीने हे विकार आवाक्यात राहतात तीच सवय साथीच्या नावाखाली थांबवली गेली, हा विरोधाभास लक्षात घ्यायला हवा.

तिसरी गोष्ट आकड्यांत मावत नाही, पण आरोग्याशी तिचा संबंध तितकाच जवळचा आहे. जूनमध्ये मुभा मिळाली तेव्हा नुकताच पाऊस सुरू होत होता. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. खाली मलकापूर-नांदुऱ्याच्या सपाटीवर उकाडा असतो तेव्हाही इथली पहाट सुसह्य असते. शहरातून दहा-पंधरा मिनिटे चालले की बहुतेक वस्त्या मागे पडतात आणि उघडी टेकाडे, शेताचे बांध, कडुनिंबाच्या रांगा सुरू होतात. मृगाच्या सरी पडल्या की ओल्या मातीत लाल मखमली किडे दिसतात, पावश्या ओरडत असतो आणि आठवडाभरात रस्त्याच्या कडेने तरोटा उगवतो. त्याची कोवळी पाने खुडून आणली की संध्याकाळची भाजी होते. यातले काहीही विकत घ्यावे लागत नाही आणि त्यासाठी सुट्टी टाकून कुठे लांब जावेही लागत नाही.

त्याच जूनमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. उल्कापातातून तयार झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरातले हिरवट पाणी असे रंग बदलताना पाहून तर्कवितर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि उलगडा केला. पाणी आटून क्षारता वाढली होती, त्यामुळे खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव बळावले होते. पाऊस पडून पाणी पातळ झाले की रंग पुन्हा ओसरतो. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. जगाने दखल घ्यावी असे काही आपल्या तालुक्यात घडत असते आणि ते पाहायला फक्त थांबून बघणारी नजर लागते.

अशा नजरेचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेत सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ज्येष्ठ नागरिकांचे दोन गट केले होते. दोघांनीही आठ आठवडे, दर आठवड्याला निदान एकदा पंधरा मिनिटे चालायचे होते. एका गटाला एवढेच जास्तीचे सांगितले होते की चालताना आजूबाजूचे काही तरी नव्याने, कुतूहलाने पाहा. त्या गटातल्या लोकांना दुसऱ्या गटापेक्षा जास्त आनंद वाटला आणि रोजचा मानसिक त्रासही कमी जाणवला. चालताना स्वतःचे फोटो काढायला सांगितले होते. त्यांतले त्यांचे हसू आठवड्यागणिक वाढत गेले आणि चौकटीत स्वतःपेक्षा आसपासचा परिसर जास्त जागा घेऊ लागला. प्रयोग छोटा होता, जेमतेम ५२ जणांचा. पण कानाला फोन लावून चालणाऱ्याने एकदा करून पाहावा इतका सोपा आहे.

हे सगळे लिहिताना त्या वर्षीचे दुसरे चालणे विसरता येत नाही. मलकापूर, नांदुरा, खामगावहून जाणाऱ्या महामार्गावर डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन चाललेले मजूर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले, अनेकांनी त्यांना भाकरी-पाणी दिले. शेजारच्या जालन्याहून भुसावळच्या दिशेने रूळांवरून चालत निघालेले १६ मजूर ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सापडून गेले. काही जणांना घरातून बाहेर पडून चालायची बंदी होती आणि काही जणांना घरी पोहोचण्यासाठी शेकडो किलोमीटर चालण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यामुळे टाळेबंदीतल्या निवांतपणाचे कौतुक करताना तो निवांतपणा कोणाला परवडला, हे विचारलेच पाहिजे. आणि म्हणूनच जे सुख सर्वांना फुकट मिळू शकते, ते जपणे जास्त महत्त्वाचे ठरते. डोंगरावरचा बंगला सगळ्यांना मिळणार नाही, पण घराजवळची वाट मिळू शकते.

चालण्याचे मोल साथीने आणखी एका रीतीने दाखवले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागाने घरच्या घरी करायची सहा मिनिटे चालण्याची चाचणी लोकांपर्यंत पोहोचवली. बोटाला ऑक्सिमीटर लावून नोंद घ्यायची, घरातल्या घरात सपाट जमिनीवर सहा मिनिटे चालायचे आणि पुन्हा नोंद घ्यायची. ऑक्सिजन ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला किंवा दम लागला तर डॉक्टर गाठायचा. बसून ठीक वाटणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाची खरी स्थिती चालल्यावर उघड होत होती.

आता कामे सुरू झाली आहेत आणि ‘वेळ नाही’ हे उत्तरही परत आले आहे. पण वेळेचे गणित फार मोठे नाही. तैवानमध्ये चार लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सरासरी पंधरा मिनिटे मध्यम व्यायाम करणाऱ्यांचे आयुर्मान काहीच न करणाऱ्यांपेक्षा तीन वर्षांनी जास्त आढळले. दहा हजार पावलांचा दंडकही मनाला लावून घेऊ नये. तो १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला आहे. वयस्क स्त्रियांच्या एका अमेरिकन अभ्यासात रोजच्या साधारण ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचे प्रमाण लक्षणीय कमी दिसले आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही.

वेळेपेक्षा खरी अडचण जागेची आहे. जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे चालणाऱ्या बायकांना विचारा. दिवा नसलेला रस्ता, मोकाट कुत्री, भरधाव ट्रक, टपऱ्यांनी आणि दुचाक्यांनी भरलेला पदपथ, कुलूप लावलेले शाळेचे मैदान, हीच यादी ऐकायला मिळेल. उद्यानासाठी कोट्यवधींचा आराखडा होतो, पण दोन किलोमीटरच्या सरळ, उजेडाच्या, सावलीच्या वाटेसाठी कोणी मागणीच करत नाही. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी प्रत्येक वस्तीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर अशी एक वाट राखली, शाळांची पटांगणे सकाळ-संध्याकाळ दोन तास उघडली, तर तो दवाखान्याइतकाच उपयोगी खर्च ठरेल. आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियोजनात एक ओळ आजच लिहून ठेवावी: साथीत बंद जागांवर आधी निर्बंध येतील, मोकळ्या जागा शेवटपर्यंत खुल्या राहतील.

आपल्या हाती जे आहे ते आपणही करावे. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर निघावे, सोबत पाणी ठेवावे. ताप, छातीत दुखणे, नेहमीपेक्षा जास्त दम असेल तर चालणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आजारातून उठलेल्यांनी पाच मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवावे. घरातल्या वयस्क माणसाला बरोबर घ्यावे, पोरांना तरोटा आणि पावश्या ओळखायला शिकवावे. रोज चालणारी माणसे वाढली की रस्त्यावर दिवा लावा म्हणून सांगणारे आवाजही वाढतील.